जाड ऑइल

कमळाकरनं स्टीअरिंगखाली हात घालून गाडीचा बिघाड शोधायच्या मशीनची वायर खोचली, तेव्हा महादूनं पाठ फिरवली आणि आधीच पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

“काका, बघा तरी,” आदेश म्हणाला. “टीव्हीसारखं दिसतंय.”

“टीव्ही मी घरी बघतो.”

शहापूरचं हे गॅरेज महादूचं. आदेशच्या वडिलांची जीपही इथंच यायची. वाशिंदच्या त्या घरानं दुसऱ्या कुणाला कधी बॉनेट उघडू दिलं नव्हतं. बाकीचे गाडीवाले एकेक करून मुरबाडला कमळाकरकडे गेले. हे एवढं एक घर उरलं होतं. आता आदेशच्या नव्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला, गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, आणि महादूला काही केल्या कारण सापडेना. शेवटी आदेशनंच मोबाइलवरून मुरबाडला फोन केला.

कमळाकर महादूच्या बायकोचा, ताराबाईचा धाकटा भाऊ. पाना धरायला तो इथंच शिकला होता. आज तो येणार म्हणून मागच्या घरात सकाळपासून वडे तळणं चाललं होतं. महादूच्या वाट्याला वडे यायचे ते मेहुणा आला तरच.

“कोड आला,” कमळाकर म्हणाला. “व्हॉल्व्हचं टायमिंग चुकतंय.”

“म्हंजे काय?” आदेशनं विचारलं.

“या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायचा टाइम बदलतो. गाडी हळू चालली तर वेगळा, पळवली तर वेगळा. ते मागंपुढं करायचं काम ऑइलच्या दाबावर होतं. ऑइल सोडणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला असेल.”

“असेल?” महादू वळला. “मशीन पण ‘असेल’च म्हणते वाटतं?”

“कुठं दुखतंय तेवढं मशीन सांगते, भावजी. का दुखतंय ते आपण बघायचं.”

हे बोलणं महादूला आवडलं. आपल्याला ते आधी सुचलं नाही म्हणून त्यानं पाना आदळला.

कमळाकरनं तो अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह काढला. त्याची जाळी स्वच्छ होती. बॅटरीच्या तारा लावल्यावर तो टकटक वाजला. व्हॉल्व्ह चांगला होता.

महादूला एकदम भूक लागली.

“तारा, वडे आण गो,” त्यानं घराकडे हाक दिली. “साहेबांची मशीन दमली.”

कमळाकर हसला नाही. त्यानं ऑइलची पट्टी ओढली, थेंब अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळला, आणि डोळे मिटून नाकाशी नेला. असा वास घ्यायला त्याला महादूनंच शिकवलं होतं. मग डोळे उघडून त्यानं कोपऱ्यातल्या पिंपाकडे पाहिलं.

महादूनंही पाहिलं. पिंपात काळ्या-पिवळ्या जीपांसाठी आणलेलं जाड ऑइल होतं. म्हसा गावच्या जत्रेआधी सगळे गाड्या दाखवून घेत, तेव्हा आदेशच्या गाडीतही त्यानं तेच ओतलं होतं, घरच्या पोराच्या ताटात तूप जास्त वाढावं तसं. ऑइल जाड तर इंजिन सुखी, असं तो जन्मभर सांगत आला. या इंजिनाच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नव्हतं.

भूक गेली.

“काय निघालं?” आदेशनं विचारलं.

कमळाकरनं अंगठा पँटला पुसला.

“ऑइल बदलूया, दिवा जाईल. पातळ पाहिजे याला. डबा बोगस आला असेल, आत भलतंच भरलेलं. हल्ली लय होतं असं. भावजींना बाहेरून काय कळणार?”

“बघा! मी घरी सांगितलंच होतं, काकांची चूक नसणार.” आदेशनं महादूच्या पाठीवर हात ठेवला. “गाडी इथंच येणार, काका.”

ताराबाई वडे घेऊन आली. तिनं पहिली ताटली भावाच्या हातात दिली. त्यानं ती महादूपुढे केली.

“घ्या भावजी, तुमी आधी.”

महादू ताटलीकडे बघत राहिला.

“डबा नव्हता,” तो म्हणाला.

“भावजी, राहू द्या ना.”

“पिंपातलं होतं. जीपांचं. मी ओतलं.”

आदेशचा हात पाठीवरून खाली आला. फळीवरची गाडीची चावी त्यानं उचलली आणि खिशात टाकली.

कमळाकर जवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, “कशाला बोललात? मी सांभाळलं होतं ना.”

“म्हणून तर.”

महादूनं पत्र्याचं घमेलं गाडीखाली ढकललं आणि पाना घेऊन स्वतः खाली निजला. नट सुटला. ऑइल पडायला लागलं, जाड, सावकाश. ते संपेपर्यंत कुणालाच तिथून जाता येत नव्हतं.