चूलबंद आवतण

सारजाबाईनं दाराला आतून कडी घातली आणि फटीला डोळा लावला. गल्लीत महारुद्र गुरव आला होता. भैरोबाच्या भंडाऱ्याचं आवतण दारोदार द्यायचं काम त्याच्या घराण्याकडं होतं.

"चूलबंद हाय हो! आज चुलीत इस्तू घालायचा न्हाय. समद्यांनी देवळात जेवायला यायचं!"

समोरच्या अयोध्याच्या दारात तो थांबला, बोलला, हसला. मग पायतणं सारजाबाईच्या दारापाशी आली. जरा घुटमळली. तिनं श्वास धरून ठेवला. पायतणं पुढच्या दाराकडं गेली.

"आला का गं महारुद्र?" आतून बलभीमनं विचारलं. नवऱ्याचा आवाज तापानं पार खोल गेला होता.

"न्हाय अजून. येईल की."

लेकीनं, हर्षालीनं, धाराशिवात जातीबाहेर लग्न केलं आणि भावकीनं बैठक घेऊन या घराचं पाणी-विस्तव तोडलं. गिरणीवाला दळण घेईना. उभ्या ज्वारीत कुणीतरी गुरं सोडली. जो बोलेल त्याचीही तीच गत, असं ठरलेलं. तरी भंडाऱ्याला तरी बोलावतील, ही बलभीमची वेडी आशा काही सुटत नव्हती. आवतण आलं आणि आपल्या घरातून धूर निघाला तर पुन्हा निमित्त होईल, म्हणून त्यानं सकाळपासून चूल पेटवू दिली नव्हती. गॅसची टाकी कधीच संपली होती.

"घोटभर पेज दे," तो शेवटी पुटपुटला. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

सारजाबाई चुलीपुढं बसली, पण काडी ओढवेना. एरवी गावाच्या धुरात तिचा धूर मिसळून गेला असता. आज एकाही पत्र्यावर धूर नव्हता. वाळीत टाकलेलं घर कुठलं, हे साऱ्या शिवाराला दिसणार होतं. ज्यांनी गुरं सोडली, ते आज घरावर यायला कितीसा वेळ? आत बलभीम कण्हला, तशी तिनं काडी ओढली.

पेजेला उकळी फुटली आणि दारावर थाप पडली.

आले, असंच तिला वाटलं. बलभीमच्या अंगावरचं पांघरूण तिनं उगाच नीट केलं. मग कडी काढली.

दारात अयोध्या उभी होती. हातात फुटक्या माठाचं खापर.

"काकू, इस्तू द्या जरा."

"काडेपेटी संपली व्हय?"

"न्हाय, भरल्याली हाय."

सारजाबाईनं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. "माघारी जा गं. कुणी बघंल. तुलाबी वाळीत टाकतील."

"व्हय, टाकतील." अयोध्याचा आवाज कापत होता. "आमच्या निकिताच्या कालेजच्या पुस्तकात धडा हाय ह्याचा. माणसाला कसं बाहीर काढतेत, समदं लिवलंय. म्या इचारलं, शेजारणीनं काय करावं? तेवढं न्हाय म्हणली त्यात."

तिनं खापर पुढं केलं. सारजाबाईनं चुलीतले दोन निखारे उचलून त्यात ठेवले. एक निसटून उंबऱ्यावर पडला, तो अयोध्यानं चिमटीत धरून खापरात टाकला.

थोड्या वेळानं समोरच्या पत्र्यावरून धूर निघाला. देवळाकडून माणसांचा गलका गल्लीकडं येऊ लागला. सारजाबाईचा हात कडीकडं गेला. तिनं समोर पाहिलं. अयोध्याचं दार सताड उघडं होतं.

तिनं हात खाली घेतला आणि उंबऱ्यातच बसली.