शाब्बास म्हणणारं पेन

समजा, तुमच्या घरात एक पेन आलं आहे. शाई नसलेलं, गाजराएवढं जाड. त्याचं टोक पुस्तकातल्या ओळीवर टेकवायचं आणि ती ओळ वाचायची. बरोबर वाचली, तर पेनाच्या डोक्यावर हिरवा दिवा लागतो, घंटी वाजते आणि आतली बाई म्हणते, "शाब्बास!" चुकली, तर लाल दिवा लागतो आणि तीच बाई म्हणते, "पुन्हा प्रयत्न कर."

आता समजा, तुम्ही ओळ अगदी बरोबर वाचलीत आणि तरीही दिवा लालच लागला. तुम्ही संशय कुणावर घ्याल? पेनावर, पुस्तकावर की स्वतःवर? घाई करू नका. भिंगरीनेही केली नव्हती.

भिंगरी दहा वर्षांची. नाव भिंगरी असलं तरी गरगर फिरणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती हळू चालायची, हळू जेवायची आणि बोलायची तर इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. आवाज आईचा घेतला होता. आई घरीच पुस्तकबांधणी करायची. पुढच्या खोलीत तिचं टेबल, शेजारी पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, खळीचं भांडं आणि उसवलेल्या पुस्तकांची चळत. हात शिवणात आणि कान मुलांकडे, असं तिचं शिकवणं चाले. दुकानात चांगलं दिसलेलं पुस्तक ती आधी उलटं धरून कण्याची शिवण बघायची, मग मजकूर वाचायची आणि मग मुलांसाठी घ्यायचं की नाही ते ठरवायची.

धाकटा भाऊ मात्र बाबांवर गेलेला. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांनी घरात "मीठ द्या" म्हटलं तरी शेजारचे मीठ घेऊन येतील, असं आई म्हणायची. धाकट्याचं नाव सगळ्यांनी नगारा ठेवलं होतं. तो सहा वर्षांचा होता आणि त्याला अजून वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायचा, पण ती एकमेकांना जोडायचा कंटाळा.

पेन आणलं आत्याने. ती शाळेच्या सामानाच्या दुकानात कामाला होती.

"वहिनी, रविवारपर्यंत वापरून बघ. पटलं तर ठेव, नाहीतर परत," ती म्हणाली. "तू किती ठिकाणी पुरी पडणार? इकडे शिवण, तिकडे ही दोन कार्टी."

"बघते, वन्सं," आई म्हणाली. पण तिने पेन उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिची पंचाईत झाली. त्याला कुठेच शिवण नव्हती.

पहिल्याच दुपारी आतल्या खोलीतून घंटीमागून घंटी ऐकू येऊ लागली. शाब्बास, शाब्बास, शाब्बास! आईने सुई खाली ठेवली.

"नगाऱ्या, तूच वाचतोयस ना रे?"

"मग काय शेजारचं मांजर?" नगारा ओरडला.

आईचा चेहरा असा उजळला की भिंगरीने तो तसा आधी कधी पाहिला नव्हता. मग तिने भिंगरीला हाक मारली. "जा गं, तूही वाच बघू थोडं."

भिंगरीने टोक टेकवलं. "समुद्राच्या तळाशी एक आंधळा मासा राहत होता." लाल. तिने पुन्हा वाचलं, शब्दाशब्दाला थांबून. लाल. पुढची ओळ, लाल. "पुन्हा प्रयत्न कर," बाई म्हणत राहिली, गोड आवाजात.

पुढच्या खोलीतून आई काहीच बोलली नाही. तेच भिंगरीला लागलं.

तुम्हाला सांगायला हवं, भिंगरी आधी शाळेत जात होती. तिथे वर्गासमोर उभं राहून वाचायचं असे. हिच्या घशातून आवाज फुटेना, तेव्हा हिला वाचता येत नाही असं वर्गाच्या बाईंनी ठरवून टाकलं. आईने तिला घरी आणलं, मांडीशी बसवलं आणि आता ती जाड पुस्तकंसुद्धा वाचायची. निदान तिला तसं वाटत होतं. पण इतके दिवस आईनेच माया म्हणून हो ला हो केलं असेल तर? आणि खरं काय ते या गाजराला कळलं असेल तर?

तिने हा संशय कुणाला सांगितला नाही. पण रात्रीच्या जेवणानंतर भांडी पुसताना तिने आईला बाबांशी बोलताना ऐकलं.

"त्याला मी अक्षरांपलीकडे काही शिकवलं नाही, तर तो धडाधड वाचतो. हिला मी जीव लावून शिकवलं, तर ही अडते. खोट माझ्याच शिकवण्यात आहे. रविवारी वन्संना पेन ठेवून घेते म्हणून सांगते. आणि नव्या वर्षी दोघांना शाळेत घालू."

"तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले, त्यांच्या मानाने अगदी हळू.

भिंगरीच्या हातातली ताटली पुसून पुसून कोरडी झाली होती, तरी ती पुसतच राहिली. पुन्हा वर्ग. पुन्हा उभं राहायचं.

दुसऱ्या दिवसापासून तिने नगाऱ्यावर पाळत ठेवली. कपाटामागे उभी राहून ती ऐकू लागली. नगाऱ्याने मासा असलेलं पान काढलं, पेन टेकवलं आणि छाती फुगवून म्हणाला, "समुद्रात एक मोठ्ठा मासा होता! त्याला खूप दात होते!"

हिरवा दिवा. घंटी. शाब्बास!

"खोटं!" भिंगरी पुढे झाली. "दात कुठे लिहिलेत? दाखव!"

"चित्रात आहेत!"

"म्हणजे तू चित्र वाचतोस?"

नगाऱ्याने भोकाड पसरलं. आई खळीने भरलेले हात तसेच घेऊन आली. "काय चाललंय?"

"आई, हा मनाचं वाचतो. ऐक तू, म्हणायला लाव त्याला."

पण नगारा आता तोंड मिटून बसला होता. आईने भिंगरीकडे पाहिलं. "अगं, तुझा दिवा लागत नाही म्हणून त्याचा विझवायचा का? दिव्याला काय पडलंय खोटं बोलायला?"

भिंगरीला स्वतःचाही संशय आला. खरंच पोटात दुखतंय का आपल्या? थोडंसं दुखतही होतं.

शनिवारी आई बांधलेली पुस्तकं पोचवायला गेली आणि नगारा मागे लागून गेला. भिंगरी पेन घेऊन बसली. आधी नीट वाचलं, लाल. आणखी सावकाश वाचलं, लाल. पुस्तक बदललं, जागा बदलली, पेनाचं टोक फडक्याने पुसलं. लाल, लाल, लाल. "पुन्हा प्रयत्न कर," बाई म्हणाली, आणि त्या गोडव्याने भिंगरीचं डोकंच फिरलं.

"खोटारडे!" ती किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा.

हिरवा दिवा. घंटी. "शाब्बास!"

भिंगरी पेनाकडे बघत राहिली. मग तिने दार लावून घेतलं आणि पुन्हा टोक टेकवलं. "भोपळा!" ती ओरडली. शाब्बास. "माझी चप्पल!" शाब्बास. मग खरी ओळ, तिच्या नेहमीच्या आवाजात. लाल.

बाईला वाचन कळतच नव्हतं. तिला फक्त जोर कळत होता.

रविवारी आत्या आली. चहा झाला. नगारा टेबलाखाली शिरून खेळत होता. आई म्हणाली, "वन्सं, मी ठरवलंय. पेन आम्ही..."

"आई, आधी तू वाच," भिंगरी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण हे तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

"मी? मी कशाला?"

"एकच ओळ."

आईने हसून पेन घेतलं आणि आपल्या मऊ आवाजात वाचलं, "समुद्राच्या तळाशी एक आंधळा मासा राहत होता."

लाल. "पुन्हा प्रयत्न कर."

"अगं बाई!" आई म्हणाली. तिने पुन्हा वाचलं. पुन्हा लाल.

"आता बाबा. पण बाबा, पुस्तकात बघायचं नाही. बाजारात पुकारता तसं पुकारायचं."

बाबांना एवढंच हवं होतं. त्यांनी टोक पानावर ठेवलं, डोळे छताला लावले आणि गरजले, "कोबीऽऽ! ताजा कोबी! एक वार, दोन वार, तीऽऽन वार!"

तीन घंट्या वाजल्या. "शाब्बास! शाब्बास! शाब्बास!"

बाबांनी पेनाला मान लववली. "बाई दिलदार आहे. आमच्या बाजारात कुणी इतक्या लवकर हो म्हणत नाही."

आत्याने पेन हिसकावून घेतलं. "काहीतरी बटण चुकीचं दाबलं असेल तुम्ही." तिने बटणं दाबून पाहिली, हळू वाचलं, मग ओरडून दुकानाचा पत्ता सांगितला. पत्त्याला शाबासकी मिळाली. "वहिनी, देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं गं," ती ओशाळून म्हणाली आणि पेन पिशवीत टाकलं. "उद्या मालकालाच वाचायला लावते."

आई हसली नाही. ती भिंगरीकडे बघत होती. "परवा तू सांगत होतीस," ती म्हणाली, "आणि मी दिव्याचं ऐकलं. चुकलं माझं. शाळेचं राहू दे. आपण आपलंच पुढे चालू ठेवू."

भिंगरी काही बोलणार, इतक्यात टेबलाखालून आवाज आला. नगाऱ्याचा होता, पण इतका बारीक की आधी कुणाला ओळखूच आला नाही.

"म्हणजे मला वाचता येत नाही?"

बाबांनी कपात बघितलं. आत्याने पिशवीची दोरी आवळली.

आता समजा, तुम्ही भिंगरी आहात. याच पोराने तुम्हाला खोटं पाडलं होतं, आणि आता सगळ्यांसमोर त्याचंच खोटं उघडं पडलं आहे.

भिंगरीने टेबलावरचं पुस्तक उचललं, वाकली आणि टेबलाखाली शिरली. नगाऱ्याच्या शेजारी मांडी घालून तिने चित्रावर एक तळहात पालथा ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या अक्षराखाली टेकवलं आणि तो तोंड उघडेपर्यंत थांबून राहिली.