मध्यंतरात संपणारी चकली

मी एक सोऱ्या. पितळेचा, फिरकीचा, चकल्या पाडणारा. साकीनाक्याच्या एका लहानशा कारखान्यात, लेथच्या घरघराटात माझा जन्म झाला. धोंडू नावाच्या कारागिरानं माझी फिरकी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाला, "झकास! हा कुठल्या बाईचा हात दुखवणार नाही." जगात आल्या आल्या माझ्या वाट्याला आला तो हा आशीर्वादच!

मला विकत घेतलं अंधेरीच्या एका चाळीतल्या वनमालाबाईंनी. घरी नेताच त्यांनी मला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यासमोर ठेवलं. पहिल्या घाण्याच्या चकल्या देवीला गेल्या. मी अगदी भारावून गेलो. पण दिवाळी सरली आणि मला जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकलं. आम्हा सोऱ्यांचं नशीबच तसं! पुढच्या दिवाळीपर्यंत अंधार आणि झुरळांची संगत.

मग गिरण्यांचा संप झाला. वनमालाबाईंचे यजमान सहदेव यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढे त्यांना पार्ल्याजवळच्या एका नाट्यगृहात दारावर तिकिटं फाडायचं काम मिळालं. पगार बेताचा. वनमालाबाईंनी गुरुवारचा उपवास धरला आणि मला माळ्यावरून खाली उतरवलं.

"आता तू आणि मी," त्या मला पुसता पुसता म्हणाल्या. "देवी बघते आहे."

नाट्यगृहाच्या उपाहारगृहाचे मालक नंदकुमारशेठ. त्यांनी चकली तोडली, खाल्ली आणि डोळे मिटले. "वनमालाबाई, ठेवा माझ्या काउंटरवर. पण पाकीट मोठं हवं हं! आठ चकल्या, तीन रुपये. मोठं पाकीट, मोठा गल्ला."

दोनेक महिने छान गेले. आणि एका रविवारी सहदेव पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले.

"काय झालं हो?" वनमालाबाईंनी विचारलं.

"वाट लागली गो. शेवटच्या अंकात वडील प्राण सोडतत, अनुपमाताई त्यांच्या छातीवर डोका ठेवतत. सगळा थिएटर चिडीचूप. आणि तिसऱ्या रांगेतून कुर्रम! मागून आणखी एक, कुर्रम! लोक फसाफसा हसाक लागले."

अनुपमाताई म्हणजे नाटकाच्या नायिका. पडदा पडताच त्या तशाच, रंगलेल्या चेहऱ्यानं, काउंटरवर आल्या होत्या. "नंदकुमार, इथे माझे वडील मरतायत आणि तुमची चकली संवाद म्हणतेय! एक तर ती राहील, नाही तर मी."

नंदकुमारशेठनी निरोप धाडला होता: पुढच्या रविवारचा प्रयोग ही शेवटची संधी. पुन्हा आवाज आला, तर चकली बंद.

"तू मगे जरा मऊच कर ना," सहदेव म्हणाले.

मऊ! अहो, मऊ चकली म्हणजे आम्हा सोऱ्यांच्या खानदानाला काळिमा! पण बाईंनी एक घाणा तसाही करून पाहिला. चकली वाकली, तुटली नाही. त्यांनी ती देवीपुढे ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "हे मी तिच्यासमोर कसं ठेवू?" एवढंच म्हणाल्या.

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार, त्यांच्या देवीचा कुळाचार. त्यांच्या घरची रीत अशी, की या दिवसाचा प्रसाद उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. शेजारची शेवंती कुंकू लावून घ्यायला आली आणि तिनं पदर पसरला.

"चार चकल्या दे गं, पोरांसाठी नेते."

"छे गं, हा घराबाहेर जात नाही. दोनच घे. इथेच बस आणि इथेच संपव. म्हणूनच तर आम्ही संपेल तेवढाच हातावर ठेवतो..."

बोलता बोलता बाई थांबल्या. शेवंतीच्या हाताकडे बघत राहिल्या. त्या हातात आता एकही चकली उरली नव्हती.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "लोक चकली आत का नेतात?"

"का म्हणजे? आठ चकल्या धा मिनिटांत कशा संपतील? त्यात चहाची रांग, मोरीची रांग. घंटा वाजली की पाकीट घेऊन पळतत."

"मग आठ कशाला द्यायच्या?"

रविवारी बाई मला घेऊनच नाट्यगृहात गेल्या. मागच्या स्वयंपाकघरात त्यांनी पहिला अंक चालू असतानाच घाणे काढले. तळणीचा वास व्हरांड्याभर पसरला. नंदकुमारशेठ मात्र हैराण!

"दोन चकल्या, बारा आणे? अहो, लोक तेवढ्याच घेऊन निघून जातील! गल्ला पावपट होईल माझा!"

"हिशेब तोच पडतो, शेठ. एक प्रयोग बघा तरी."

मध्यंतर झालं. आणि मी माणसांची एक गंमत पाहिली. तीन रुपये म्हटलं की पुरुषमंडळी आधी बायकोकडे बघायची. बारा आणे म्हटलं की थेट खिशात हात! दोन खाऊन झाल्या की तोच हात पुन्हा खिशात. एक जाडगेले गृहस्थ तर चौथ्यांदा आले. मी इतका फिरलो, की फिरकी गरम झाली. कागदावर दोन, हातावर दोन, उभ्या उभ्या कुर्रम कुर्रम. घंटा वाजली तेव्हा सगळे बोटं चाटत आत गेले. रिकाम्या हातांनी.

शेवटचा अंक आम्ही भिंतीपलीकडून ऐकला. बाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. सहदेव दाराशी कान लावून उभे. वडिलांचा खोकला ऐकू आला. मग अनुपमाताईंची हाक, "नाना!" आणि मग काही नाही. नुसती शांतता. मग कुणीतरी नाक शिंकरलं, कुणीतरी हुंदका दिला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की फळीवरच्या कपबशा वाजल्या.

"अगे, जिंकलंस गो!" सहदेव ओरडले. बाईंनी डोळे मिटून नमस्कार केला.

बाहेर पडणारी मंडळी तडक काउंटरवर! "ती मघाची चकली घरी न्यायला मिळेल का?" बाईंनी घरी न्यायला म्हणून बांधून ठेवलेली आठ-आठ चकल्यांची सगळी पाकिटं उडाली. सहदेव हळूच म्हणाले, "आता चालली ना उंबऱ्याबाहेर?" बाई हसल्या. "प्रसाद झाला, आता बाजार!"

गर्दीतून वाट काढत अनुपमाताई आल्या. त्यांनी एक चकली उचलली, सगळ्यांदेखत मोडली आणि म्हणाल्या, "नंदकुमार, माझ्या प्रत्येक प्रयोगाला ही हवी. पाटी लावा!" दुसऱ्याच दिवशी काउंटरवर रंगीत पाटी लागली: 'वनमालाबाईंची चकली'.

आता मी माळ्यावर जात नाही. उपाहारगृहात, देवीच्या तसबिरीखाली माझी जागा आहे. माझं नक्षीकाम झिजून गुळगुळीत झालंय, पण फिरकी अजून तशीच हलकी. घरोघर टीव्ही आला, व्हिडिओ आला. तरी नाटकाच्या रविवारी रांग लागतेच. तुमच्या माळ्यावरही माझा एखादा भाऊ धोतरात गुंडाळून झोपला असेल. त्याला खाली उतरवा हो. हळदकुंकू लावा, कामाला लावा.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण बाईंनी भाजणीचा उंडा हातात घेतला. माझं तोंड आता भरणार. मला बोलणं थांबवायला हवं.