तीन क्रियापदांची पाटी

लाँड्रीवरची इंग्रजी पाटी दादानं स्वतः रचली होती. 'वी आर वॉशिंग, टू आयर्न अँड डिलिव्हरी ऑल्सो.' तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती. दादाची धाकटी बहीण मात्र कॉलेजात इंग्रजी शिकवायची. बदली होऊन ती याच शहरात आली, भावाला भेटायला दुकानात आली आणि पाटीखालीच थबकली.

"दादा, हे काय लिहिलंयस?"

"का? स्पेलिंग चुकलं?"

"स्पेलिंग तेवढं बरोबर आहे."

वहिनी काउंटरमागे कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत बसली होती. ती मान खाली घालूनच हसली.

बहिणीनं तिथंच वर्ग भरवला. एका वाक्यात तीन कामं सांगायची तर तिन्ही शब्दांचं रूप सारखं हवं. एक धावतोय, दुसरा बसलाय, तिसरा भलत्याच गावाला निघालाय, असं चालत नाही. दादाच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला तू एक शर्ट घडी घालून, दुसरा हँगरवर आणि तिसरा बोळा करून देतोस का? मग शब्द असे का देतोस?"

शर्टाचं म्हटल्यावर दादाला पटलं. नवी पाटी लागली, 'वी वॉश, आयर्न अँड डिलिव्हर.' शब्द कमी झाल्यामुळे रंगाऱ्यानं अक्षरं चांगली ठसठशीत काढली. पार चौकातून वाचता येत होती. आता कुणाचा गैरसमज व्हायला नको, असं म्हणत बहीण खुशीत घरी गेली.

गैरसमज झालाही नाही. दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या निवृत्त डॉक्टरांचा फोन आला.

"कपडे कधी आणून देताय?"

"आणून? तुम्ही न्यायला येता ना?"

"अहो, पाटीवर स्वच्छ लिहिलंय तुमच्या!"

दादाच्या लेखी डिलिव्हरी म्हणजे काउंटरवरून गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं. पावतीवरही तोच शब्द छापलेला होता. जुन्या पाटीचा कुणालाच अर्थ लागत नव्हता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. आता अख्ख्या गल्लीला अर्थ लागला. डॉक्टर राहायचे चौथ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट बंद. थोड्याच दिवसांत दादाचे गुडघे कुरकुरू लागले. मागं धूळ खात पडलेली स्कूटर काढून वहिनी गठ्ठे पोचवू लागली. दादानं तातडीनं बहिणीला बोलावून घेतलं.

"पाटी होती तशी करून दे."

"ती व्याकरणात बसत नव्हती, दादा."

"धंद्यात बसत होती ना!"

"मुद्दाम चुकीचं इंग्रजी मी लिहिणार नाही. हवं तर शेवटचं क्रियापद काढू. 'वी वॉश अँड आयर्न.' दोन्ही सारखी राहतात."

"काढ, काढ! आत्ताच रंगाऱ्याला बोलावतो."

तेवढ्यात वहिनी आली. डोक्यावर हेल्मेट, स्कूटरवर पडद्यांचा हा एवढा ढीग. इतकी वर्षं काउंटरमागे बसून तिला गिऱ्हाइकांचे नुसते नंबर ठाऊक होते. आता कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाकडे पाहुणे यायचेत, सगळं तिला कळत होतं. पडदे आणि चादरी लोक आपणहून तिच्या हवाली करत होते.

"काही काढायचं नाही," ती म्हणाली. "उलट एक घालायचंय. वन्सं, घरी जाऊन कपडे घेऊन यायचे, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"कलेक्ट."

"मग ते सगळ्यात आधी घाला. बसतंय ना बाकीच्यांच्या रांगेत?"

"अगदी बसतंय!" बहिणीचा चेहरा फुलला. वर्गात इतक्या लवकर कुणाला समजत नव्हतं.

"अगं, पण आणणार कोण, पोचवणार कोण?" दादा चिडला.

"मी. चिठ्ठ्या तुम्ही टाचा."

दादानं आशेनं बहिणीकडे पाहिलं. ती 'वी' हा शब्द दोघांनाही लागू पडतो, एवढंच म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

पाटी पुन्हा रंगली. त्याच आठवड्यात साबणाच्या कंपनीचा विक्रेता दुकानात आला.

"मालक कुठं आहेत?"

दादाच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून त्यानं एक चिठ्ठी बाहीला लावली.

"बाहेर गेल्यात," तो म्हणाला. "बसा."