आप्पांची जीभ

"ही आमटी हाय की मोरीतलं पानी?"

आप्पांनी वाटी दोन बोटांनी पुढे ढकलली आणि ती बोटं धोतराला पुसली. खानावळवाला तिप्पण्णा हातातलं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. शेजारी बसलेल्या भीमाने त्याच आमटीची दुसरी वाटी नुकतीच मागून घेतली होती. ती त्याने घाईघाईने खाली ठेवली.

"मीबी तेच म्हननार हुतो," तो म्हणाला. "चवच न्हाई."

पलीकडे इमामसाब बसले होते. त्यांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि मान डोलावली. "हौ. नमक बी कम हाय."

आप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. या बैलांना देवाने जीभ दिली होती, चांगली हातभर दिली होती, आणि ती वापरायची कशासाठी, तर दुसऱ्याच्या हो ला हो म्हणण्यासाठी. भीमा आताच बोटं चाटत होता. आप्पांनी ते बघितलं होतं. आमटी चांगली असणार, हेही त्यावरूनच त्यांना कळलं होतं.

कारण आप्पांना स्वतःला चव लागत नव्हती. दोन वर्षं झाली होती.

आप्पा हत्तुरे म्हणजे गिरणीतले जुने जॉबर, कामगारांवरचे मुकादम. सूतखात्यात तीस वर्षं माणसांवर ओरडण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही. पण एक गोष्ट राहिली, ती म्हणजे त्यांची जीभ. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो यायची, ती लाल, ढोरांनीही तोंड फिरवावं अशी ज्वारी. खानावळवाले ती चांगल्या शाळूत मिसळत. पिठात मूठभर मिसळलेली मिलो आप्पा पहिल्या घासाला ओळखत आणि भर पंगतीत मालकाचं नाव घेऊन सांगत. तेव्हापासून सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचा शब्द चालू लागला. रविवारी ते भीमाला आणि इमामसाबला घेऊन निघाले की खानावळवाले गल्ल्यावरून उठून उभे राहत. आप्पा 'बरी हाय' म्हणाले तर महिनाभर गर्दी, नाक मुरडलं तर माणसं रस्ता ओलांडून समोरच्याकडे.

मग दुष्काळ सरता सरता आप्पांना टायफॉइड झाला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, तो जीभ घेऊनच गेला. गूळ ठेवला काय आणि चुना ठेवला काय, सारखंच. महिनाभर त्यांनी वाट पाहिली. मग रविवार आला, भीमा दारात येऊन उभा राहिला, आणि आप्पा टोपी घालून बाहेर पडले. पेठेत लोक नमस्कार करत होते ते जिभेला. ती गेली हे कळलं असतं तर आप्पा म्हणजे पारावर माश्या मारत बसणारा आणखी एक म्हातारा. पेठेत तसले शंभर होते, आणि आप्पांना त्यांची किळस होती.

शिवाय नावं ठेवायला चव लागावी लागत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं. चांगलं म्हणायचं तर काय चांगलं ते सांगावं लागतं. 'मीठ कमी' म्हणायला काहीच लागत नाही. ज्याला मीठ बरोबर वाटतं तो आपलीच जीभ तपासू लागतो, आणि मुकाट्याने चिमूटभर वरून घेतो. दोन वर्षांत एकाही गाढवाने 'न्हाई आप्पा, बरोबर हाय' असं म्हटलं नव्हतं.

श्रावण लागायच्या आधी गिरिजाबाई त्यांच्या घरी आली. गल्लीतलीच बाई. नवरा वारल्यापासून घरोघरच्या भाकऱ्या बडवत होती. आता पाटल्या मोडून तिने पेठेत एक खोली घेतली होती.

"सोमवारी खानावळ सुरू करतीया, आप्पा. तुमी यायलाच पायजे. तुमी बरं म्हनालात तर गिऱ्हाईक येतंय. न्हाईतर मी आन् माझी लेक रुद्रानी, दोगी मिळून किती भाकरी खानार?"

"बगू," आप्पा म्हणाले. त्यांना बाईचा राग आला. इतक्या साध्या माणसांनी आपल्यावर भरवसा ठेवू नये असं त्यांना वाटायचं.

सोमवारी खोली शेणाने सारवलेली होती, दाराला आंब्याचं डहाळं होतं. गल्लीतली आठ माणसं पाटावर बसली. पहिला स्वयंपाक सिद्धेश्वराच्या नैवेद्याचा, त्यामुळे तो शिजताना कोणी चाखलेला नव्हता. देवाच्या आधी जीभ लावायची नाही, हा त्या घरचा नेम. अंदाजाने मीठ, अंदाजाने तिखट, आणि बाकी देवावर सोडायचं. नैवेद्य दाखवून झाला. भरली वांगी, भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाची आमटी असं सगळं ताटात आलं. पण कोणी हात लावेना. सगळे आप्पांकडे बघत होते.

हेच आप्पांना नको असायचं. इतर वेळी ते पहिले दोन घास चावत राहायचे आणि तेवढ्यात बाकीच्यांचे हात बघून घ्यायचे. पाण्याचा तांब्या कोणी उचलला, भाकरी कोणी भराभर मोडली, यावरून त्यांचं काम भागायचं. इथे बघायला एकही तोंड हलत नव्हतं. आठ मेंढरं आणि एक आपण, असं मनाशी म्हणत त्यांनी आमटीचा भुरका मारला. कोमट, पातळ, बाकी काही नाही.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

गिरिजाबाईच्या हातून पळी सुटली. रुद्राणीने मिठाची वाटी आणून दिली. आप्पांनी चिमूट घातली, बोटाने ढवळली आणि खायला लागले. मग पंगत सुरू झाली. भीमाने आमटीत भाकरी बुडवून घास घेतला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण त्याने मिठाची वाटी ओढली. "व्हय, जरा कमीच पडलंय," म्हणाला आणि चिमूट टाकली. इमामसाबने पण टाकली. वाटी पंगतीतून पुढे निघाली. मिशा असलेली, लेकरं-नातवंडं असलेली आठ मोठी माणसं घसा जळत असताना आमटीत मीठ घालून घेत होती.

दारात उभी असलेली गिरिजाबाई रडकुंडीला आली होती. "कमी कसं पडंल? रुद्रानी, मी मीठ घालून मग दिवा लावायला गेले हुते की."

"तू घातलं, अव्वा?" रुद्राणीचा चेहरा उतरला. "मीबी घातलं. घाईत तू इसरलीस असं वाटलं मला."

मिठाची वाटी सातव्या माणसाच्या हातात होती. ती तिथेच थांबली. मग एकेकाने मान वळवली आणि आप्पांकडे पाहिलं. त्यांची वाटी रिकामी होती. तळाचं त्यांनी भाकरीने पुसून खाल्लं होतं.

तेवढ्यात भीमाने मांडीवर थाप मारली. "आरं, आप्पांनी परीक्षा घेतली आपली! कसं फसवलं बगा सगळ्यास्नी!"

भीमाला आप्पांची अब्रू वाचवायची नव्हती. त्याला स्वतःची वाचवायची होती. पण सगळ्यांनाच ती वाचवायची असल्यामुळे पंगत खदाखदा हसली. आप्पांनी एक क्षण गिरिजाबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"मग?" आप्पा म्हणाले. "बगत हुतो, खरं बोलनारा कोन हाय का हितं. एकबी न्हाई."

गिरिजाबाई पुढे आली. तिने हात जोडले. "खारट झालीया आमटी. माजी चूक हाय. द्या त्या वाट्या." तिने सगळ्या वाट्या उचलल्या. आप्पांची उचलताना ती थोडी थांबली, एवढंच.

संध्याकाळपर्यंत पेठभर झालं. आप्पांनी पहिल्याच दिवशी पकडलं, बाईला मीठ घालता येत नाही. आप्पांची कीर्ती दुप्पट झाली आणि गिरिजाबाईच्या खोलीकडे कोणी फिरकेना. दुपारी आप्पा तिथून जात तेव्हा आत पाट मांडलेले दिसत, आणि दारात रुद्राणी बसलेली. उरलेल्या भाकऱ्या कोपऱ्यावरची गाय खात होती. तिसऱ्या आठवड्यात आप्पांना रात्रीचं जेवण जाईना. त्यांनी बऱ्याच लोकांचं वाईट केलं होतं, पण ते निदान डोळ्यांनी बघून केलं होतं. हे न बघता केलेलं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं, आणि लाज वाटण्याची त्यांना सवय नव्हती.

गुरुवारी भर दुपारी ते आत शिरले आणि पाटावर बसले. गिरिजाबाईने वाढलं. ते खाऊ लागले. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"कशी हाय आमटी?"

"बरी हाय."

"त्या दिवशी वाटी पुसून खाल्लीत तुमी," ती म्हणाली. "परीक्षा घेनारा मानूस वाटी पुसून खात न्हाई."

आप्पांचा घास हातातच राहिला. "कवा कळलं तुमास्नी?"

"वाटी उचलली तवाच. कदीपास्नं चव न्हाई?"

"टायफॉइड झाला हुता. तवापास्नं." आजवर बायकोलाही न सांगितलेलं ते सांगताना त्यांचा आवाज गिरणीच्या जॉबरचा राहिला नव्हता. "मग चार मानसांत सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय हुनार हुतं? मानसं तुमाला हसली असती, आन् आमटी खारटच ऱ्हायली असती. चूक माजी हुती, ती मी कबूल केली. तुमची तुमी बगा की."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. आप्पांनी ताट संपवलं, कारण ते टाकायची त्यांची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी चनबसप्पाच्या कापडदुकानाच्या ओट्यावर भीमा आणि इमामसाब नेहमीप्रमाणे तयार होते. चनबसप्पा गज घेऊन कापड मोजत होता.

"आज कुनाचा नंबर, आप्पा?" भीमाने विचारलं.

"कुनाचा न्हाई. मला चव लागत न्हाई. दोन वरसं झाली. गिरिजाबाईकडं परीक्षा न्हाई, काय न्हाई. मला खारट कळलंच न्हाई."

चनबसप्पाचा गज थांबला. भीमाचं तोंड उघडं पडलं. त्याच्या डोक्यात हळूहळू हिशेब चालला होता.

"म्हंजे तिप्पण्णाची आमटी?"

"मला काय म्हाईत? कशी हुती?"

"लई चांगली हुती!" भीमा जवळजवळ ओरडला. "दोन वरसं आमी सगळीकडं चांगलं चांगलं टाकून उठलो की, आप्पा!"

"मग बोलला का न्हाईस, बैला?"

"तुमी न्हाई म्हनला म्हनून!"

इमामसाबने टोपी काढून डोकं खाजवलं. "हम बी झूटेच की, भीमा," ते हळूच म्हणाले. पण भीमा ऐकायला तयार नव्हता. आप्पांनी आपल्याला फसवलं, दोन वर्षांची जेवणं नासवली, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. स्वतःच्या शेपूट हलवण्याबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. आप्पांना त्याची कीव करावीशीही वाटली नाही.

"बाईची आमटी एकदाच चुकली," ते जाताना म्हणाले. "जावा आन् खाऊन बगा. निदान आता तरी सोताच्या जिभेनं खावा."

लोक खरंच गेले. आधी भीमा गेला, आप्पांना खोटं पाडायला मिळतं म्हणून. मग त्याच्या मागे बाकीची पेठ. आप्पांना कोणी बोलावलं नाही. रस्त्याने नमस्कार कमी झाले आणि मग थांबले. रविवारी दारात कोणी येईना.

दिवाळीनंतर एका दुपारी आप्पा गिरिजाबाईकडे जेवत होते. ते आठवड्यातून दोनदा येत आणि कोपऱ्यातल्या पाटावर बसत. खोली भरली होती. आत आलेल्या माणसांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि नजर पुढे नेली. रुद्राणी भाकरी वाढून पुढच्या पाटाकडे गेली.

शेजारी एक ट्रक ड्रायव्हर येऊन बसला. टेंभुर्णीकडचा होता, सोलापुरात नवखा दिसत होता. त्याने पागोटं सोडून मांडीवर ठेवलं आणि आप्पांच्या पांढऱ्या केसांकडे बघून अदबीने विचारलं, "काका, आमटी कशी असतीया हितली?"

आप्पांनी चावणं थांबवलं.

"मला नगा इचारू, पाव्हनं," ते म्हणाले. "माजी जीब गेलीया. मला चव कळत न्हाई."

"आरारा," ड्रायव्हर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, पण त्याला भूक लागली होती. तो लगेच दुसऱ्या बाजूला वळला आणि तिथल्या माणसाला तेच विचारलं. तो माणूस वांग्याचा रस मनगटापर्यंत ओघळू देत जेवत होता, आमटीत चटणी आणि चटणीत ताक कालवत होता. "एक नंबर!" तो भरल्या तोंडाने म्हणाला.

आप्पांनी त्याच्या ताटातला तो काला पाहिला. त्या माणसाला खाण्यातलं काहीएक कळत नव्हतं. पण त्याला चव लागत होती.