दोन दिसतात, दोन्ही लागतात

मी एक जुना ड्रायव्हर आहे. गाडी हाकणारा नव्हे, मित्रांनो. संगणकाच्या पोटात राहणारा एक छोटासा प्रोग्राम. मला ना चेहरा, ना आवाज.

एका इस्पितळाच्या रक्तपेढीत माझं आयुष्य गेलं. तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत डेटाबेस आहे. त्यात हजारो रक्तदात्यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर. वरच्या मजल्यावर, रक्तपेढीचं काम पाहणाऱ्या ताईंच्या टेबलावर, ती माहिती विचारायची खिडकी. तिला क्लायंट म्हणतात. खिडकीची बोली वेगळी, डेटाबेसची वेगळी. ताईंचा प्रश्न खाली नेऊन समजावायचा आणि उत्तर वर आणायचं, हे काम माझं. कौतुक मात्र खिडकीचं व्हायचं. होऊ दे! गाणारा रंगला की मागे सूर धरणाऱ्याला आणखी काय हवं? देवानं नेमून दिलेलं काम मन लावून करावं.

मला बसवलं यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी. पुढे माझा धाकटा भाऊ आला. नाव तेच, पण घडण वेगळी: मी जुन्या बत्तीस बिटांच्या साच्याचा, तो नव्या चौसष्टच्या. नवे प्रोग्राम त्याच्याशी बोलत. ताईंची जुनी खिडकी फक्त माझ्याशी.

काका रजेवर गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण आला. आल्या आल्या त्यानं यंत्रांची झाडलोट केली, म्हणून सगळे त्याला स्वच्छराव म्हणू लागले. प्रोग्रामांच्या यादीत त्याला एकच नाव दोनदा दिसलं. "एका कामाला दोघं कशाला?" म्हणत त्यानं मला काढून टाकलं.

पुढचं मी नंतर ताईंच्या तोंडून ऐकलं. दुपारी प्रसूती विभागातून फोन आला. एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं आणि पेढीत एकच पिशवी होती. ताईंनी दात्यांची यादी मागितली. खिडकी म्हणाली, जोडणी होत नाही.

"अरे, केलंस काय तू?"

"मी कुठे काय केलं, ताई! खालचा डेटाबेसचा सर्व्हर चालू आहे. खिडकीसुद्धा उघडतेय की!"

"नुसती उघडून काय करू? पलीकडून कुणी ओ देत नाही!"

त्यानं घाबरत काकांना फोन लावला.

"ड्रायव्हर किती दिसतात?" काकांनी विचारलं.

"एक. दुसरा जुना होता, काढला."

"अरे शहाण्या, ताईंचं सगळं त्या जुन्यावरच चालतं! माझ्या खणात त्याची सीडी आहे. आधी ती घाल. बोलणी नंतर खा."

मी पुन्हा जागेवर बसलो. ताईंनी प्रश्न टाकला, मी धावत खाली गेलो आणि सात नावं घेऊन वर आलो. तिसरं नाव शेजारच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याचं. ताईंचा फोन जाताच तो कोपरापर्यंत पीठ माखलेल्या हातांनी तसाच आला. पहिली पिशवी पुरली तोवर त्याचं रक्त तपासून तयार झालं. आई वाचली.

मित्रांनो, गाजावाजा न करता राबणारं काही तुमच्याही घरात असेल. ते काढण्याआधी एवढंच विचारा, याच्यावर कोण विसंबून आहे?

स्वच्छरावानं त्याच संध्याकाळी यंत्रावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. ती अजून आहे: "दोन दिसतात, दोन्ही लागतात."