देसांकाची सिगारेट

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणतात. आमच्या पिरोत गावात ती मेल्यावरही जात नाही. टेकडीवरच्या कबरस्तानात जाऊन बघावं. ज्याला राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, आवडायची त्याच्या मातीवर राकिया ओतलेली असते, ज्याला गोड आवडायचं त्याच्या दगडावर बिस्किटं असतात आणि जो ओढायचा त्याच्या उशाशी मातीत पेटती सिगारेट खोचलेली असते. तिहोमिर स्तोयकोविच गेली चार वर्षं दर शनिवारी अशी एक सिगारेट आपल्या बायकोच्या, देसांकाच्या, मातीत खोचत आला होता. देसांका फुप्फुसाच्या आजाराने गेली होती. हे गावाला माहीत होतं आणि त्यालाही. पण म्हणून कोणी कोणाला पितरांच्या नावाने साधं पाणी पाजत नाही.

त्याची पद्धत ठरलेली होती. पाकिटातून दोन सिगारेटी काढायच्या, दोन्ही एकदमच ओठांत धरून पेटवायच्या, एक तिच्या मातीत आणि एक स्वतःला. मग दगडाच्या कठड्यावर बसून तिला आठवड्याभराच्या बातम्या सांगायच्या. तिची सिगारेट आपली आपण जळत राहायची, राखेचा लांब पांढरा दांडा व्हायचा आणि शेवटी मोडून पडायचा. तिहोमिरला त्यात नवल वाटायचं नाही. जिवंतपणीही तिचं असंच असायचं, निदान शेवटी शेवटी. सकाळी कॉफी व्हायची, ती सिगारेट पेटवायची, रक्षापात्रावर ठेवायची आणि बोलत बसायची. सिगारेट बिचारी एकटीच जळून जायची.

"ओढायची नाही तर पेटवतेस कशाला?" तो चिडायचा. पिरोतच्या माणसाला सगळं चालतं, नासाडी चालत नाही.

"तू कॉफी पी," ती म्हणायची.

उन्हाळ्यात तिहोमिरचा डावा पाय रुसला. दोनशे पावलं चाललं की पोटरी अशी आवळून यायची, जसं कोणी ओलं धुणं पिळतंय. तीन मिनिटं थांबलं की सुटायची. आता भर रस्त्यात उगाच उभा राहिलेला माणूस खुळा दिसतो. म्हणून तो खांब बघून थांबायला लागला, कारण आमच्याकडे गेलेल्या माणसांची पत्रकं खांबांवर चिकटवतात आणि ती वाचत उभं राहायला कोणाची हरकत नसते. कबरस्तानाच्या वाटेवर असे तीन खांब होते. त्यामुळे गावात कोण गेलं हे तिहोमिरला पाद्र्याच्याही आधी कळायला लागलं, आणि लोक म्हणायला लागले, तिहोमिर हल्ली फार धार्मिक झालाय.

मुलगी स्लावित्सा त्याला ओढून निश शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पाय दाबला, यंत्र लावून आवाज ऐकला आणि विचारलं, "दिवसाला किती?"

"चाळीस," तिहोमिर म्हणाला. "सणासुदीला जास्त."

"शिरा बंद होत चालल्यात. सिगारेट ठेवायची की पाय, ते ठरवा. दोन्ही ठेवता येणार नाहीत."

स्लावित्साने वेपचं, म्हणजे वाफ ओढायच्या नळीचं, नाव काढलं. बाई खूश झाल्या नाहीत. "ते काही औषध नव्हे," त्या म्हणाल्या. "पण दगडापेक्षा वीट मऊ. तेही पुढे सोडायचंच आहे, हे लक्षात ठेवून घ्या."

स्लावित्साने त्याच दिवशी दुकानातून ती नळी आणली. तंबाखूच्या चवीचं संपलं होतं म्हणून स्ट्रॉबेरीचं आणलं. सदुसष्ट वर्षांचा, टायरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, खिडकीत उभा राहून स्ट्रॉबेरीच्या वाफा सोडायला लागला. खालच्या मजल्यावरच्या रोसांदाने वर मान करून विचारलं, "काय शेजारी, मुरांबा लागला का खाली?"

"औषध आहे," तिहोमिर म्हणाला.

"मग पावाला लावून खा."

पण नळीने काम केलं. दुपारच्या जेवणानंतरची सिगारेट पहिल्याच आठवड्यात सुटली. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून संतापाने ओढायच्या तीन सुटल्या, कारण त्याने बातम्या बघणंच सोडलं. सकाळच्या कॉफीबरोबरची पंधरा दिवस छळत राहिली आणि मग तीही गेली. ऑक्टोबर निम्मा सरेपर्यंत चाळिसातून फक्त शनिवारची एक उरली. एक त्याची, एक तिची. पाकिटात चार शिल्लक होत्या.

"फेकून दे, बाबा," स्लावित्सा फोनवर म्हणाली.

"भरलेलं पाकीट फेकू?"

"चारच आहेत."

"चार म्हणजे रिकामं नव्हे."

"बाबा, लोक पिरोतवाल्यांच्या चिक्कूपणावर विनोद करतात ते काही खोटे नाहीत."

"करू देत. विनोदाला पैसे पडत नाहीत."

खरं कारण पैशाचं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. बाकीच्या एकोणचाळीस सिगारेटी तिहोमिरच्या होत्या, त्यांचं काय करायचं ते तो करू शकत होता. चाळिसावी दोघांची होती. ती सोडायची म्हणजे त्या कठड्यावर नुसतं बसायचं, आणि नुसतं बसलं की देसांका नाही हे समोर येऊन उभं राहायचं. सिगारेट हातात असली की वाटायचं, सकाळ आहे, कॉफी झाली आहे, आता ही बोलायला लागेल.

त्या शनिवारी तो चढून गेला आणि दोन पेटवल्या. पाकिटात दोन राहिल्या. उतरताना तीनऐवजी पाच ठिकाणी थांबावं लागलं, त्यातले दोन खांब रिकामे होते. तो रिकामे खांबही मन लावून वाचत उभा राहिला. घरी येऊन मोजा काढला तर करंगळीशेजारचं बोट जांभळं पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंना तो रंग आवडला नाही. "मधे ओढलीत?"

"एक. बायकोबरोबर."

"बायकोलाही सांगा सोडायला."

"ती वारली. वर टेकडीवर असते. शनिवारी जातो."

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "तिच्याकडे चालत जायचंय, की उचलून न्यायला हवंय?"

तिहोमिरने मोजा चढवला.  बाईंनी नोव्हेंबरमध्ये परत बोलावलं होतं. बोट निवळलं नाही तर कापाकापी, आणि बोटापासून सुरू झालं की ते कुठे थांबेल हे त्या सांगू शकत नव्हत्या. तोवर एकही नाही. एकही म्हणजे एकही नाही.

पुढच्या शनिवारी तो गेलाच नाही. खिडकीत बसून टेकडीकडे बघत वाफा सोडत राहिला. चार वर्षांत चुकलेला हा पहिला शनिवार. त्याच्या पुढचा शनिवार मात्र पितरांचा होता, सेंट दिमित्रीच्या सणाआधीचा. त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जातं आणि कोणाची माती रिकामी राहिली हे सगळं गाव बघतं. तिहोमिरने उकडलेल्या गव्हाचा वाडगा, राकियाची छोटी बाटली आणि मेणबत्त्या पिशवीत भरल्या. पाकीट खिशात टाकलं. दुसऱ्या खिशात नळी. तीन खांब वाचत वर पोचला.

कबरस्तान भरून गेलं होतं. दगडांवर भाजलेली कोंबडी, सॉसेज, चीज भरलेल्या पोळ्या, सगळं मांडलेलं. देसांकाच्या शेजारीच रोसांदाच्या नवऱ्याची, चेदोमिरची जागा. रोसांदा पायाशी थर्मास ठेवून, घडीच्या खुर्चीत बसून चेदोमिरला राकिया पाजत होती. एक थेंब त्याला, एक घोट स्वतःला. रोसांदा आणि देसांका गालिच्यांच्या कारखान्यात एकाच मागावर वीस वर्षं बसल्या होत्या. एकीने गाठ मारली की दुसरीला न बघता कळायची.

तिहोमिरने मेणबत्ती लावली, गहू ठेवले, राकिया ओतली. मग पाकीट काढलं आणि थांबला. सिगारेट नुसती काडी लावून पेटत नाही. पहिला झुरका कोणाला तरी घ्यावाच लागतो.

"रोसांदा," तो म्हणाला, "एवढी जरा पेटवून दे."

"मी? मी जन्मात ओढली नाही."

"मला बंदी आहे. एक झुरका घ्यायचा आणि द्यायची."

"अरे, लोक काय म्हणतील? नवऱ्यासमोर?"

"चेदोमिर काही म्हणणार नाही."

रोसांदाने इकडेतिकडे बघितलं, सिगारेट दातात धरली, तिहोमिरने काडी पुढे केली. तिने ओढली ती अशी, जशी नळीतून शेवटचं सरबत ओढावं. मग ती इतकी खोकली, की तीन कबरींपलीकडचे लोक कोंबडी सोडून बघायला लागले. डोळे पुसत तिने सिगारेट त्याच्या हातात कोंबली. "घे! आणि एवढं करून ती कुठे ओढणार आहे?"

"जळते ना शेवटपर्यंत," तिहोमिर सिगारेट मातीत खोचत म्हणाला. "दर वेळी जळते."

"जळणारच. घरी नव्हती जळत?"

"म्हणजे?"

रोसांदा बाटलीचं बूच लावायला लागली. ते लागायला फार वेळ लागला. "जाऊ दे. पितरांचा दिवस आहे."

"रोसांदा."

"सोडली होती तिने," रोसांदा म्हणाली. "आजार कळला त्याच्या दोन वर्षं आधी. खोकला सुरू झाला होता ना, तेव्हाच. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. कारखान्यात बाकीच्या ओढायला बाहेर जायच्या तेव्हा ती माझ्याबरोबर आत बसायची, सफरचंद खात."

"माझ्यासमोर रोज पेटवायची!"

"पेटवायची. ओढताना पाहिलंस कधी?"

तिहोमिरने आठवायचा प्रयत्न केला. त्याला रक्षापात्र आठवलं, राखेचा लांब दांडा आठवला, स्वतःची कटकट आठवली. तिच्या ओठांत सिगारेट काही आठवेना.

"तिने तुला एकदा विचारलं होतं," रोसांदा आता सांगायचं ठरवूनच बोलत होती. "दोघं मिळून सोडू या का म्हणून. तू काय म्हणालास? म्हणालास, तू सोडलीस तर मी कॉफी कोणाबरोबर घेऊ, खाली चौकातल्या हॉटेलात जाऊन घेईन. गंमतीत म्हणाला असशील. पण ती मला म्हणाली, रोसांदा, हा उठून जाईल. त्यापेक्षा एक जळू दे. बसतो तरी."

आजूबाजूला लोक एकमेकांना गहू देत होते, 'देव त्यांना क्षमा करो' म्हणत होते. तिहोमिरला ते वाक्य आठवत होतं. त्याने ते गंमतीतच म्हटलं होतं. तो कधीच उठून गेला नसता. पण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला जी हवी होती तिच्या उशाशी, तिने सहा-सात वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट धूर काढत उभी होती. चार वर्षं. दर शनिवारी. फुप्फुस गेलेल्या बाईला. त्याला इतकी लाज वाटली की कठड्यावर बसवेना, आणि उभं राहिलं तर पोटरी आवळायला लागली.

अशा वेळी माणसाला खरोखर सिगारेट लागते. पाकिटात एक होती. त्याने ती काढली, ओठांत धरली, काडीपेटी हातात घेतली.  रोसांदा मुद्दाम दुसरीकडे, सॉसेजवाल्यांकडे बघत होती.

तिहोमिरने ओठांतली सिगारेट काढली. वाकून देसांकाच्या मातीतली उपटली, तिथली राख बोटाने बाजूला सारली, माती सारखी केली. मग हातातली जळती अर्धी आणि न पेटवलेली आख्खी घेऊन उभा राहिला. फेकायची म्हटलं तर हात उठेना.

"चेदोमिरने सोडली होती का?" त्याने विचारलं.

"चेदोमिरने?" रोसांदा म्हणाली. "हॉस्पिटलच्या गाडीत घालताना म्हणाला, काडीपेटी घे."

तिहोमिरने जळती सिगारेट चेदोमिरच्या मातीत खोचली आणि आख्खी त्याच्या दगडावर ठेवली. चेदोमिरकडे ती वाया जाणार नव्हती. मग रिकामं पाकीट चुरगाळून पिशवीत टाकलं आणि नळी काढायला खिशात हात घातला. तसाच पुन्हा बाहेर काढला. इथे स्ट्रॉबेरी बरी दिसली नसती.

"थर्मासमध्ये काय आहे?" तो म्हणाला.

"कॉफी. काय असणार?"

"दोन कपांत दे."

रोसांदाने एक कप त्याच्या हातात दिला. दुसरा त्याने देसांकाच्या दगडावर, मेणबत्तीशेजारी ठेवला. साखर आहे ना, असं विचारून घेतलं. मग कठड्यावर बसला, पाय लांब केला आणि सांगायला लागला. स्लावित्साने निशला नवीन घर बघितलंय. खालच्या मजल्यावरचा नळ परत गळतोय. बोट जांभळं आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणतात बघू. आणि हॉटेलात मी गेलो नसतो, देसांका. हॉटेलातली कॉफी मला कधी आवडली नाही.

त्याची कॉफी लवकर संपली. लोक पिशव्या आवरून उतरायला लागले. रोसांदाने खुर्ची मिटली आणि विचारलं, "चलतोस का, शेजारी? खांब येतील तसे थांबू."

"तू हो पुढे," तिहोमिर म्हणाला. "हिची व्हायचीय अजून."

कपातून वाफ येत होती. ती यायची थांबेपर्यंत तो बसला.